घरातले दप्तर

उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी. मराठीत 'दप्तर' म्हणजे शाळकरी मुलाच्या पाठीवरची पिशवी, आणि जपून ठेवलेल्या कागदपत्रांचा संग्रहही. पुण्याच्या पेशवे दप्तराचे नाव सर्वांनी ऐकलेले असते. मूळ शब्द एकच. दोन्ही भाषा शिकवताना आम्हाला या शब्दाची गंमत वाटते, कारण आज आपल्या घरांत त्याचे तिन्ही अर्थ एकाच खोलीत येऊन बसले आहेत. मुलांची दप्तरे आहेत, शिधापत्रिकेपासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत सगळे कागद आहेत, आणि आता कचेरीही घरात आली आहे. तिला बसायला जागा तेवढी मिळालेली नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या, तेव्हा आम्हा शिक्षकांना ही अडचण लख्ख दिसली. वर्ग मोबाइलवर घ्यायचा, पण बसायचे कुठे? कुणी जिन्याच्या पायरीवर बसून शिकवले, कुणी स्वयंपाकघराचे दार लावून, कुणी गच्चीच्या कठड्याला मोबाइल टेकवून. पुढे शाळा भरल्या, तरी घरात आलेले काम परत गेले नाही. उत्तरपत्रिका तर आधीपासूनच घरी येत होत्या, आता 'सरल' आणि 'यू-डायस'ची माहिती भरणेही रात्री घरीच होते. आणि हे काही शिक्षकांपुरते नाही. नांदेडच्या इतवाऱ्यात, देगलूर नाक्याला किंवा लातूरच्या कुठल्याही जुन्या गल्लीत चार घरे पाहा. एका घरात बी.कॉम. झालेली मुलगी दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब भरते. दुसऱ्या घरात सून पहिली ते चौथीच्या शिकवण्या घेते. तिसऱ्या घरात शिलाईचे काम चालते, मापांची वही आणि उधारीची वही वेगळी. चौथ्या घरातला मुलगा पुण्यातल्या कंपनीचे काम इथूनच करतो.

घरी बसून काम करण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. उर्दू मजकूर संगणकावर जुळवण्याची सोय येण्याआधी वर्तमानपत्रांची पानेच्या पाने कातिब हाताने लिहीत. १९९४ मध्ये 'इनपेज' आले आणि ते काम हळूहळू मागे पडले. एक गुडघा उभा, त्यावर फळी, कागदाखाली जेरे-मश्कची मऊ घडी, शेजारी दवात, अशी कातिबाची बैठक ठरलेली असे. मराठवाड्यातल्या वाड्यांत दिंडीच्या आत ढाळज असे, तिथे मुनीमजी उतरत्या झाकणाच्या मेजापुढे मांडी घालून बसत. या दोन्ही बैठकांना खर्च फारसा नव्हता, पण जागा पक्की होती. माणूस तिथे बसला की त्याला हाक मारायची नाही, हे लहान मुलांनाही माहीत असे. आपण मेज आणले, खुर्ची आणली, आणि ती पक्की जागा मात्र हरवून बसलो. आज पुष्कळ घरांत मेजावर इस्त्रीचे कपडे असतात आणि काम पलंगावर चालते.

'ती घरीच तर असते'

हे वाक्य आम्ही वरचेवर ऐकतो. मुलगा लॅपटॉप उघडून बसला की अम्मी दार हळूच ओढून घेतात. मुलगी लॅपटॉप उघडून बसली की आतून आवाज येतो, "जरा दूध बघ गं, उतू जाईल." मेहमान आले की चहा तिनेच करायचा, दारावरची बेल तिनेच ऐकायची, धाकट्याचा गृहपाठ तिनेच घ्यायचा. का, तर ती घरीच असते.

आता तिच्या कामाचे स्वरूप पाहा. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याचे विक्रीचे विवरण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचे विवरण २० तारखेपर्यंत जावे लागते. तारीख हुकली तर विलंब शुल्क दुकानदाराला बसते. एकदा तो सोसतो, दुसऱ्यांदा हिशेबाच्या वह्या दुसरीकडे नेतो. शिकवणीचेही तसेच. रोज पंधरा मिनिटे उशिरा सुरू होणाऱ्या वर्गातली मुले महिन्याभरात गळतात. घराला वाटते की आपण फक्त एक हाक मारली. त्या हाकेची किंमत महिनाअखेरीस तिच्या कमाईतून वजा होते, आणि मग तेच घर म्हणते, 'एवढ्याशा पैशासाठी कशाला डोळे फोडतेस?'

म्हणून जागा ठरवताना मेज केवढे घ्यावे हा पहिला प्रश्न नाही. घरात बसून सर्वांत जास्त तास काम कोण करते, ते आधी मोजा. एक आठवडा वहीत तास लिहून काढले तरी पुरे. बहुतेक घरांत उत्तर ऐकून अब्बाही चकित होतील. ज्याचे किंवा जिचे तास जास्त, जागा त्या माणसाच्या मापाची आणि सोयीची. बाकीच्यांनी ती उरलेल्या वेळात वापरावी.

जागा किती आणि कुठली

वेगळी खोली मिळाली तर उत्तम, पण दोन खोल्यांच्या घरातही हे जमते. दोन फूट रुंद आणि साडेतीन ते चार फूट लांब मेज, त्यामागे खुर्ची सरकवायला अडीच-तीन फूट, म्हणजे साधारण चार फूट बाय पाच फुटांचा कोपरा. तेवढीही जागा नसेल तर भिंतीला बिजागरीवर उघडमीट करणारी फळी बसवून घ्या. भिंत मजबूत असेल तर लोखंडी कोनांवर कडप्प्याची लादीही चालते. शहाबादी किंवा कडप्पा बसवणारे मिस्त्री हे काम एका दिवसात करतात.

दिशा ठरवताना आपल्या भागाचा विचार करा. किब्ला आपल्याकडे पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. म्हणून पश्चिमेची भिंत पुष्कळ घरांत मुसल्ल्यासाठी मोकळी असते. मार्च ते जूनमध्ये दुपारनंतर सर्वांत जास्त तापते तीही हीच भिंत. तेव्हा काम तिथून हलवलेलेच बरे. जमले तर खुर्चीची पाठ उत्तरेच्या भिंतीला, तोंड दक्षिणेला आणि डाव्या हाताला पूर्वेची खिडकी, अशी मांडणी करा. सकाळचा उजेड मिळतो आणि दुपारचे ऊन टळते. सकाळी थेट ऊन येत असेल तर पातळ पडदा पुरतो.

उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, हे जुने शहाणपण आहे. आमच्याकडे विद्यार्थी विचारतात की उर्दू उलट्या बाजूने लिहितात, मग उजेडही उलटा हवा का? नाही. डावीकडून उजेड आला की हाताची सावली उजवीकडे पडते. मराठी लिहिताना ती कोऱ्या भागावर पडते, उर्दू लिहिताना लिहून झालेल्या भागावर. कलमाचे टोक दोन्ही वेळा उजेडातच राहते. डावखुऱ्या मुलासाठी मात्र बाजू बदला. रात्री डोक्यामागची ट्यूब आपलीच सावली वहीवर पाडते, म्हणून नऊ वॅटचा एलईडी दिवा मेजावर वेगळा ठेवा. संगणकाचा पडदा खिडकीकडे तोंड करून ठेवू नका आणि खिडकी त्याच्या पाठीशीही नको. खिडकी बाजूला असली की पडद्यावर चकाकी येत नाही.

पाठीशी भिंत ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. कॅमेरा सुरू झाला की घर परक्या माणसांना दिसते. मागे खोली असेल तर घरातल्या बायकांना वर्ग संपेपर्यंत कोपऱ्यात उभे राहावे लागते, नाहीतर वाकून जावे लागते. मागे नुसती भिंत असली की सगळे घर मोकळेपणाने वावरते. एकदा कॅमेरा लावून तो कुठवर पाहतो ते तपासा आणि फरशीवर खडूची रेघ मारून ठेवा. लहान मुलांना ती रेघ लगेच कळते.

मेज आणि अंगाचे माप

बाजारात मिळणारे मेज बहुधा २९ ते ३० इंच उंच असते. आपल्याकडच्या पाच फूट उंचीच्या बाईला ते उंच पडते. खांदे वर चढतात आणि तासाभरात मान दुखू लागते. माप घ्यायची रीत सोपी आहे. खुर्चीवर ताठ बसा, पाय जमिनीवर पूर्ण टेकवा, हात कोपरात दुमडा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. पाच फुटांच्या माणसाला हे माप साधारण २५ इंच येते. टंकलेखनासाठी मेज तेवढेच असावे, लिहिण्यासाठी एक-दोन इंच जास्त. लाकडी मेज असेल तर सुताराकडून पाय कापून घ्या. कापायचे नसेल तर खुर्चीवर घट्ट गादी घालून उंची वाढवा आणि लटकणाऱ्या पायांखाली पाट ठेवा. स्वयंपाकघरातला जुना पाट या कामाला फार चांगला.

लॅपटॉप खाली ठेवून पाहिला की मान वाकते, वर ठेवला की हात अवघडतात. म्हणून रोज तीन-चार तास काम असेल तर वेगळा कळफलक आणि माउस घ्या आणि लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर एक हात असावे. पैसे थोडे असतील तर आधी खुर्ची आणि दिवा घ्यावा, मेज नंतर. पाठीला आधार देणारी साधी लाकडी खुर्चीही चालते, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवला की झाले. स्टूलवर किंवा पलंगाच्या कडेवर रोजचे काम करू नका.

ज्यांना जमिनीवर बसून काम करायची सवय आहे त्यांनी ती सोडायची गरज नाही. दहा-बारा इंच उंचीचे उतरते मेज आणि खाली जाड सतरंजी पुरते. कुरआनपठणासाठी रिहाल वापरतो तेव्हा आपण पुस्तक डोळ्यांकडे आणतो, डोळे पुस्तकाकडे नेत नाही. तोच नियम इथे. मात्र दर अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करा. डोळ्यांसाठीही दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीस फुटांवर पाहावे. जोहर आणि अस्रच्या नमाजेला उठणाऱ्यांची दुपार आपोआप विभागली जाते.

ऊन, पत्रा आणि कूलर

नांदेड गोदाकाठी सखल भागात, लातूर बालाघाटच्या पठारावर, त्यामुळे लातूरची हवा थोडी बरी. पण एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांचा पारा दोन्हीकडे ठरलेला. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालावेत म्हणून बनवलेले असतात. पत्र्याच्या खोलीत दुपारी माणसाचे डोके आणि यंत्र दोन्ही तापतात. लॅपटॉप गादीवर किंवा रजईवर ठेवला तर त्याचे झरोके बंद होतात आणि तो आणखी तापतो. पत्र्याला किंवा गच्चीला उन्हाळ्याआधी पांढरा चुना किंवा पांढरा रंग द्या, पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे छत लावून मध्ये हवा राहू द्या. थर्माकोल स्वस्त पडते, पण ते चटकन पेट घेते. विजेच्या तारांजवळ ते नकोच.

कूलर चांगला, पण त्याचा झोत थेट मेजावर नको. कागद ओलसर होऊन चिकटतात आणि शाई फुटते. शिवाय तो पाणी पितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हाचा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. त्या वर्षी ज्यांचे काम कूलरवर अवलंबून होते त्यांची पंचाईत झाली. आपल्या भागात जास्त भरवशाचा उपाय वेळेचा आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, तशी घरातली कचेरीही सकाळची करा. फजरनंतर साडेपाच-सहाला बसलेला माणूस दहापर्यंत चार तास थंड डोक्याने काम करतो. दुपारी फक्त फोन आणि किरकोळ कामे ठेवा.

वीज

इन्व्हर्टर घेताना दुकानदार मोठाच सुचवतो. स्वतः हिशेब करा. पंखा ७५ वॅट, दिवा ९, लॅपटॉप ६५, राउटर १०, बेरीज १५९ वॅट. १५० अँपिअर-तासाच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. थोडी घट इन्व्हर्टरमध्ये जाते आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, म्हणून १,२०० धरा. म्हणजे सात तासांच्या आसपास. बॅटरी जुनी असेल तर निम्मे. त्यावर कूलर जोडला तर हाच हिशेब साडेतीन तासांवर येतो. राउटर इन्व्हर्टरवर आहे ना, हे आजच पाहा. दिवा चालू, लॅपटॉप चालू आणि नेट बंद, अशी फजिती फार घरांत होते. संगणक आणि कूलर एकाच जोडबोर्डवर लावू नका आणि तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन खरोखर जमिनीला जोडलेली आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या.

कागद आणि कपाट

लातूरच्या गंजगोलाईची रचना नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी केली. १९१७ साली ती उभी राहिली. मध्ये गोल इमारत, तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, आणि वेगवेगळ्या मालाचे बाजार वेगवेगळ्या रस्त्यांवर. सोने कुठे, गूळ कुठे, मिरची कुठे, हे विचारावे लागत नाही. मेजाभोवतीची मांडणी अशीच असावी. रोज लागते ते हाताच्या अंतरावर, आठवड्याला लागते ते उठून दोन पावलांवर, वर्षातून एकदा लागते ते वर. घराच्या कागदांसाठी प्रत्येक माणसाची एक वेगळी फाइल करा. जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक. सातबारा, घरपट्टी आणि वीजबिले यांची एक सामाईक फाइल. शिष्यवृत्तीचा किंवा हजचा अर्ज भरायच्या आदल्या रात्री ट्रंक उपसणे यामुळे थांबते. जुन्या घरात वाळवीचा त्रास असतो, म्हणून कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे आणि जमिनीपासून थोडे वर ठेवा. दर तीन महिन्यांनी मागे बॅटरी मारून पाहा.

कपाटाबद्दल एक गोष्ट आमच्या भागात जास्त महत्त्वाची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे वजन अंगावर येऊन हजारो माणसे गेली. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली परिसरातले धक्के नांदेडलाही जाणवले. बसायच्या जागेच्या डोक्यावर पोटमाळा, जड पुस्तकांची फळी किंवा पाण्याची टाकी असू नये. उंच कपाट पट्टीने आणि स्क्रूने भिंतीला बांधून टाका. जड वस्तू खालच्या कप्प्यात आणि खुर्चीपासून दारापर्यंतची वाट मोकळी ठेवा.

वेळ आणि इजाजत

एवढे सगळे करूनही हाक मारणे चालू राहिले तर मेजाचा उपयोग होणार नाही. म्हणून जागेबरोबर वेळही घरात जाहीर झाली पाहिजे. भिंतीवर एक कागद लावा. 'सकाळी ६ ते १०, संध्याकाळी ४ ते ६ काम.' त्या वेळात दूध कोण पाहील, दार कोण उघडेल, धाकट्याला कोण सांभाळेल, यांची नावे त्याच कागदावर लिहा. नावे लिहिली नाहीत तर ते काम पुन्हा तिच्याकडेच येते. आपल्या घरांत आत येण्याआधी इजाजत घेण्याचा अदब जुना आहे. फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर मुलांनीही विचारून आत यावे, हे सूरह नूरमध्ये सांगितले आहे. जे घर मुलांना हा अदब शिकवते, त्याला कामाच्या दोन वेळा पाळणे जड जाऊ नये.

काम करणाऱ्यानेही आपली बाजू सांभाळावी. वेळ संपली की लॅपटॉप मिटवावा आणि दस्तरखानावर मोबाइल आणू नये. शिकवणीच्या मुलांचे पालक रात्री दहाला फोन करत असतील तर त्यांनाही वेळ सांगून ठेवावी. घराने दोन वेळा आपल्यासाठी सोडल्या असतील तर उरलेल्या वेळा घराच्या आहेत.

येत्या रविवारी एवढेच करा. आधी घरातल्या सर्वांना बसवून तासांची वही उघडा. मग मोजपट्टी घ्या, ज्याचे तास जास्त त्याच्या कोपराची उंची मोजा, आणि तो चार फूट बाय पाच फुटांचा कोपरा खडूने आखून घ्या. कोपऱ्यात शिलाई मशीन, सायकल किंवा गेल्या वर्षीच्या गाद्या असतील तर त्या उचलायला अब्बांनी आणि भावांनी हात लावावा. मेज सावकाश आले तरी चालेल.